वास्को द गामा: श्रेय कशाचं, दोष कशाचा?

रशियातल्या त्वेर गावचा अफानासी निकितिन नावाचा व्यापारी 1469च्या सुमारास चौलला उतरला. तिथून तो जुन्नरला आणि पुढे बीदरला गेला. जुन्नरच्या सुभेदारानं त्याचा घोडा काढून घेतला आणि तो परत मिळवताना बिचाऱ्याच्या नाकी नऊ आले. हे सगळं त्यानं लिहून ठेवलं आहे. वास्को द गामा कोझिकोडजवळ पोहोचला तो यानंतर सुमारे तीस वर्षांनी, 20 मे 1498 रोजी. त्यामुळे ‘गामानं भारताचा शोध लावला’ हे वाक्य आपण मराठी माणसांनी तरी म्हणू नये. मलबारची मिरी रोमन बाजारात जात होती तीच मुळी गामाच्या दीड हजार वर्षं आधीपासून. खुद्द पोर्तुगालच्या राजाचा हेर पेरो द कोव्हिल्यां गामाच्या सुमारे दहा वर्षं आधी तांबड्या समुद्राच्या वाटेनं येऊन मलबार आणि गोवा पाहून गेला होता.

गामाच्या नावावर जमा होतो तो युरोपातून आफ्रिकेला वळसा घालून भारतात येण्याचा सलग जलमार्ग. त्यातही आफ्रिकेचं दक्षिण टोक त्याच्याआधी, 1488 मध्ये, बार्तोलोमेव दियसनं ओलांडलं होतं. दर्यावर्दी म्हणून गामाचं खरं धाडस दिसतं ते अटलांटिकमध्ये, आणि नेमकं तेच फारसं कोणी सांगत नाही. किनारा धरून खाली उतरण्याऐवजी अनुकूल वारा मिळवण्यासाठी त्यानं चारही जहाजं भर समुद्रात पश्चिमेकडे नेली आणि प्रचंड वळसा घेतला. ऑगस्ट ते नोव्हेंबर 1497, तीन महिने जमीन दिसली नाही. कोलंबसनं पाच वर्षांपूर्वी अटलांटिक ओलांडला तेव्हा त्याच्या खलाशांचा धीर पाच आठवड्यांतच सुटत आला होता.

अरबी समुद्र मात्र गामानं स्वतःच्या ज्ञानावर ओलांडला नाही. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या मालिंदीच्या राजानं त्याला वाटाड्या दिला. हा वाटाड्या म्हणजे थोर अरब नौकाशास्त्रज्ञ इब्न माजिद, असं पुष्कळ पुस्तकांत छापलेलं आढळतं. या कथेचा उगम सोळाव्या शतकात मक्केत लिहिल्या गेलेल्या एका इतिहासात आहे आणि अभ्यासकांनी ती केव्हाच नाकारली आहे. बारोस आणि काश्तान्येदा हे पोर्तुगीज इतिहासकार वाटाड्या गुजराती होता असं सांगतात. सफरीच्या रोजनिशीत त्याला ख्रिस्ती म्हटलंय. पण त्या रोजनिशीवर या बाबतीत विसंबण्यात अर्थ नाही, कारण ही मंडळी हिंदूंनाच ख्रिस्ती समजत होती. कोझिकोडला एका देवळात जाऊन, ते चर्च आहे आणि आतली मूर्ती मेरीची आहे असं समजून, त्यांनी प्रार्थनाही केली!

जाणत्या वाटाड्याचं मोल परतीच्या वाटेवर कळलं. येताना जो समुद्र सुमारे तीन-साडेतीन आठवड्यांत पार झाला, तोच परतताना जवळजवळ तीन महिने खात बसला, कारण मोसमी वारा फिरण्याची वाट न पाहता गामा निघाला होता. स्कर्व्हीनं तीसेक माणसं गेली. उरलेल्यांत जहाजं चालवण्याइतके हात नव्हते, म्हणून एक जहाज जाळून टाकावं लागलं.

कोझिकोडच्या सामुतिरीनं, म्हणजे आपल्या पाठ्यपुस्तकांतल्या झामोरिननं, गामाला सन्मानानं व्यापाराच्या सवलती दिल्या, हीसुद्धा अर्धीच गोष्ट. दरबारी स्वागत झालं खरं. पण नजराणा म्हणून गामानं काढलं काय, तर थोडंसं पट्टेरी कापड, सहा हॅट, पोवळ्यांच्या चार माळा, हात धुण्याची सहा तस्तं, साखर, तेल आणि मध. दरबारचे कारभारी हसले. अरबस्तान, इजिप्त आणि गुजरातच्या सराफी पेढ्यांशी रोजचा व्यवहार असलेलं ते बंदर. त्याला यात नवल वाटण्यासारखं काही नव्हतं. पुढे जकातीवरून वाद झाला आणि गामा काही स्थानिक माणसांना जबरदस्तीनं सोबत घेऊन निघून गेला.

आता गोवा. तिथं त्याच्या नावाचं अख्खं शहर असल्यामुळे गोवा त्यानंच जिंकला असं अनेकांना वाटतं. पहिल्या सफरीत तो गोव्याच्या जवळ आला तो कारवारसमोरच्या अंजदीव बेटापर्यंत. गोवा 1510 मध्ये आदिलशाहीकडून घेतला अफोंसो द अल्बुकर्कनं, आणि तेव्हा गामा पोर्तुगालमध्ये होता. जुन्या गोव्यातल्या व्हाइसरॉय आर्चवर गामाचा पुतळा आहे. ती कमान त्याच्या पणतूनं, तो स्वतः व्हाइसरॉय असताना, पणजोबांच्या स्मरणार्थ उभारली. गोव्यातलं इन्क्विझिशन, धर्मांतराची सक्ती, यांचाही राग काही जण गामावर काढतात. इन्क्विझिशन आलं 1560 मध्ये. गामा व्हाइसरॉय म्हणून 1524च्या सप्टेंबरात आला, आधी चौलला आणि मग गोव्याला, आणि 24 डिसेंबरला कोचीत वारला. जेमतेम तीन-चार महिन्यांचा त्याचा कारभार.

हा दोष त्याचा नाही म्हणून तो सुटला असं मात्र होत नाही. दुसरी सफर मराठीत फारशी कुणी सांगत नाही. डिसेंबर 1500 मध्ये कोझिकोडच्या पोर्तुगीज वखारीवर हल्ला होऊन सुमारे पन्नास माणसं मारली गेली होती. त्याचा सूड घेण्याच्या तयारीनं गामा 1502 मध्ये मोठं आरमार घेऊन आला. मलबारच्या किनाऱ्याजवळ त्यानं ‘मिरी’ नावाचं जहाज गाठलं. त्यात मक्केहून परतणारे यात्रेकरू होते, श्रीमंत व्यापारी होते, बायका-मुलं होती. त्यांनी जबर खंडणी देऊ केली. गामानं माल उतरवून घेतला आणि माणसांसकट जहाज पेटवून दिलं. बायका लेकरं उंच धरून दयेची याचना करत होत्या. वीसेक मुलं तेवढी वाचवली, तीही बाप्तिस्मा देण्यासाठी. पुढे कोझिकोडवर तोफा डागल्या, आणि पकडलेल्या कोळ्यांना मारून त्यांचे तोडलेले हातपाय किनाऱ्यावर पाठवून दिले.

यावर ठरलेलं उत्तर असं, की त्या काळी सगळेच असे वागत, आजच्या मापानं मोजू नका. अरबी समुद्रात तेव्हा चाचे होते, लुटालूट होती, हे खरं. पण ‘मिरी’ची हकिगत आपल्याला कळते ती कुणा पीडिताच्या वंशजाकडून नव्हे. ती लिहिली आहे गामाच्याच ताफ्यात असलेल्या तोमे लोपेस या कारकुनानं. तो 3 ऑक्टोबर 1502 ही तारीख नोंदवतो आणि हा दिवस जन्मभर विसरता येणार नाही असं सांगतो. ‘त्या काळचं माप’ लावायचंच असेल, तर त्याच काळातल्या या पोर्तुगीज माणसाची साक्ष आधी वाचावी.