खुंटलेले शोभिवंत मासे पुन्हा वाढतात का?

शोभिवंत मत्स्यपालनात एकाच वेळी जन्मलेली काही पिल्ले लवकर विक्रीच्या आकाराची होतात, तर काही मागेच राहतात. भाव आकारावर ठरत असल्याने अशी पिल्ले खाद्य खातात, टाकी अडवतात. पण पैसे देत नाहीत. ती ठेवावीत की काढून टाकावीत, याचे उत्तर दोन गोष्टींवर ठरते : वाढ कशामुळे खुंटली आणि मासा किती वयाचा आहे.

भरपाईची वाढ म्हणजे काय?

कोंबडी किंवा शेळी ठरावीक वयात पूर्ण वाढते आणि थांबते. बहुतेक माशांचे तसे नसते. वयानुसार वेग कमी होतो, तरी वाढ बराच काळ चालू राहते. त्यामुळे खाद्य कमी पडून किंवा दाटीमुळे थांबलेली वाढ परिस्थिती सुधारल्यावर पुन्हा सुरू होते. सुरुवातीला तर ती नेहमीपेक्षा जास्त वेगाने होते. यालाच भरपाईची वाढ म्हणतात.

याचा उपयोग कार्प मत्स्यशेतीत मुद्दाम केला जातो. कटला, रोहू, मृगळ यांची बोटुकली काही महिने ते वर्षभर दाटीत व कमी खाद्यावर ठेवतात. नंतर ती मोठ्या तलावात विरळ सोडली, की झपाट्याने वाढतात. ज्या तलावात पाणी थोडेच महिने टिकते, तिथे असे मोठ्या वयाचे बीज उपयोगी पडते.

‘टाकीएवढाच मासा वाढतो’ हा गैरसमज

मासा टाकी पाहून आपला आकार ठरवत नाही. लहान टाकीत विष्ठा व उरलेल्या खाद्यापासून अमोनिया लवकर साचतो, प्राणवायू कमी पडतो आणि दांडगे मासे दुबळ्यांना खाऊ देत नाहीत. वाढ थांबते ती यामुळे. साधा गोल्डफिश चांगल्या व्यवस्थेत 20 सेंमीच्या पुढे जातो. बाऊलमध्ये मात्र तो बोटाएवढाच राहतो आणि लवकर मरतो.

कारणानुसार सुधारण्याची शक्यता

- कमी खाद्य, दाटी, खराब पाणी : मासा लहान वयाचा असेल तर चांगली सुधारणा होते. पिल्लू जितके दिवस अशा स्थितीत राहिले, तितकी भरपाई अपुरी पडते.
- थंड पाणी : गप्पी, एंजलसारख्या उष्ण पाण्यातील माशांची भूक हिवाळ्यात मंदावते. पाणी 25 ते 28 अंश सेल्सिअस ठेवल्यास वाढ पुन्हा सुरू होते.
- पोटातील जंत : मासा खातो, तरी पोट खपाटीला जाते. मत्स्यतज्ज्ञांच्या सल्ल्याने उपचार केल्यास सुधारणा होऊ शकते.
- वाकडा कणा, आखूड कल्ले, वेडेवाकडे पर : हाडांतील व्यंग सरळ होत नाही. खाद्यात जीवनसत्त्व क नसल्यानेही कणा वाकतो. जुन्या, दमट जागी ठेवलेल्या खाद्यातील हे जीवनसत्त्व नष्ट होते.
- जवळच्या नात्यातील पैदास : पिढ्यान् पिढ्या त्याच नर-मादीची पिल्ले वापरल्यास पिल्ले जन्मतःच कमजोर निघतात. व्यवस्था सुधारूनही त्यांच्यात फारसा फरक पडत नाही.
- वयात आलेले गप्पी नर : वयात आल्यावर त्यांची वाढ जवळजवळ थांबते. मादी मात्र पुढेही वाढते. म्हणून गप्पीची काळजी पहिल्या काही आठवड्यांतच घ्यावी.

शरीराच्या मानाने डोके व डोळे मोठे दिसणे, पाठीची कड धारदार होणे ही खुंटलेल्या माशाची लक्षणे आहेत.

सुधारणा कशी करावी?

1. पाणी हळूहळू बदलावे. घाई केल्यास इथेच मासे दगावतात. बरेच दिवस दुर्लक्षित टाकीचा सामू उतरलेला असतो, त्यामुळे साचलेला अमोनिया कमी विषारी रूपात राहतो. अशा टाकीत बोअरवेलचे जास्त सामूचे पाणी एकदम भरले, की तोच अमोनिया विषारी होतो. 25 अंशांना सामू 7 असताना एकूण अमोनियापैकी 1 टक्क्याहून कमी भाग विषारी असतो. सामू 8 झाल्यावर तो 5 टक्क्यांवर जातो. म्हणून पहिला आठवडा रोज फक्त 10 टक्के पाणी बदलावे. नंतर आठवड्याला 25 ते 30 टक्के बदलावे. नळाच्या पाण्यातील क्लोरीन आधी घालवावे.
2. दाटी निम्म्यावर आणावी. एअर पंप चालू ठेवावा. दर 15 दिवसांनी मासे आकारानुसार वेगळे करावेत, म्हणजे लहानांना खाद्य मिळते.
3. खाद्य टप्प्याटप्प्याने वाढवावे. उपाशी माशांना एकदम पोटभर खाद्य दिल्यास पाणी बिघडते. वजनाच्या 2 ते 3 टक्के खाद्य दिवसातून 3 ते 4 वेळा विभागून द्यावे. मासे सर्व खाद्य 5 मिनिटांत संपवत असतील तरच मात्रा वाढवावी. पिल्लांच्या खाद्यात 35 ते 40 टक्के प्रथिने असावीत. जोडीला मोइना किंवा आर्टेमिया द्यावा.

सहा आठवड्यांची चाचणी

नजरेच्या अंदाजावर निर्णय घेऊ नये. पाण्याने भरलेले भांडे काट्यावर ठेवून वजन शून्य करावे. त्यात पाणी निथळलेले 20 मासे सोडावेत. आलेल्या वजनाला 20 ने भागल्यास सरासरी मिळते. ही नोंद तारखेसह ठेवून दर दोन आठवड्यांनी पुन्हा वजन घ्यावे.

- वजन प्रत्येक वेळी स्पष्ट वाढत असेल तर मासे ठेवावेत. ते उशिरा का होईना, विक्रीला येतील.
- पहिल्या चार आठवड्यांत काहीच फरक नसेल, तर कारण रोग किंवा आनुवंशिकता असण्याची शक्यता जास्त. सहा आठवड्यांनंतरही तीच स्थिती असेल तर खर्च थांबवावा.

हे लक्षात ठेवा

- सुधारलेले मासे विकता येतात, पण पैदाशीसाठी ठेवू नयेत. खुंटण्यामागे आनुवंशिक दोष होता की नाही, हे बाहेरून कळत नाही.
- मासे खात असूनही रोडावत असतील आणि कणा वाकत असेल, तर मत्स्यक्षयाची शंका घ्यावी. टाकी व जाळी वेगळी ठेवावी. हा जंतू माणसाच्या जखमेतूनही शिरतो, म्हणून हातमोजे घालावेत.
- नको असलेले मासे विहिरीत, ओढ्यात किंवा तलावात सोडू नयेत. गप्पी व गोल्डफिश तिथे वाढून स्थानिक माशांना त्रासदायक ठरतात.

प्रत्येक हंगामात मागे पडणारी पिल्ले बरीच निघत असतील, तर दोष पिल्लांत नसून संगोपनात आहे. अशा वेळी पहिल्या महिन्यातील दाटी, खाद्य आणि पाणी यांची नोंद आधी तपासावी.