गोठा आणि शेततळे : पशुपालन व मत्स्यपालनातील ऑक्सिजनचा हिशोब

प्रस्तावना

वस्तुमान संतुलनाचे समीकरण तुम्ही पहिल्या वर्षात शिकलात. जे आत आले त्यातून जे बाहेर गेले ते वजा केले की जे आत उरते ते मिळते. बॉयलर, टाकी, पाइप यांना आपण हे समीकरण सहज लावतो. या पाठात तेच समीकरण गाईच्या गोठ्याला आणि माशांच्या तळ्याला लावू. जमिनीवरचे प्राणी पाळणे आणि पाण्यातले प्राणी पाळणे यांत खरा फरक कुठे आहे, आणि शेततळ्यातले मासे एका रात्रीत का मरतात, हे त्यातून कळेल.

या विषयाचा बेंगळुरूशी जुना संबंध आहे. 1923 साली येथे पशुपालन व दुग्धव्यवसायाची इंपीरियल संस्था सुरू झाली. 1927 साली प्रकृतीसाठी बेंगळुरूत राहिलेल्या गांधीजींनी येथील दुग्धशाळेत गोपालनाचे धडे घेतले होते. 1955 साली संस्थेचे मुख्यालय हरियाणातील कर्नालला गेले. दक्षिण विभागीय केंद्र मात्र आडुगोडीत राहिले. त्याच आडुगोडीत 1995 पासून राष्ट्रीय पशुपोषण व शरीरक्रियाविज्ञान संस्था आहे. शहराच्या वायव्येला हेसरघट्टला गेलात तर एकाच परिसरात वळूंचे गोठित वीर्य तयार करणारी केंद्रीय संस्था आणि गोड्या पाण्यातील मत्स्यपालनाचे संशोधन केंद्र, अशी दोन्ही दिसतात.

1. प्राणी म्हणजे रूपांतर करणारे यंत्र

प्राणी खाद्य घेतो आणि त्याचे मांस, दूध किंवा अंडी यांत रूपांतर करतो. एक किलो वजन वाढायला किती किलो खाद्य लागले, या आकड्याला खाद्य रूपांतर गुणांक म्हणतात. गुणांक जितका लहान, तितका खाद्याचा वापर चांगला. मांसासाठी पोसलेल्या गुरांत तो साधारण 6 ते 10 असतो, ब्रॉयलर कोंबडीत दोनच्या आत येतो, आणि चांगले खाद्य दिलेल्या माशांत 1.5 ते 2 च्या आसपास असतो.

मासा इतका काटकसरी का? दोन कारणे आहेत. त्याच्या शरीराचे तापमान पाण्याइतकेच असते, त्यामुळे शरीर ऊबदार ठेवण्यावर तो ऊर्जा खर्च करत नाही. आणि पाणी त्याचे वजन पेलते, त्यामुळे उभे राहण्यासाठी जाड हाडे व स्नायू लागत नाहीत.

पण एवढ्यावरून गाय हे वाईट यंत्र आहे असा निष्कर्ष काढू नका. गाय कडबा, गवत, भाताचा पेंढा खाते. म्हणजे माणसाला न पचणाऱ्या पदार्थापासून दूध बनवते. त्या बदल्यात तिच्या पोटातील सूक्ष्मजीव खाद्यातील सुमारे 6 टक्के ऊर्जा मिथेनच्या रूपाने घालवतात. आडुगोडीच्या पशुपोषण संस्थेने हा मिथेन कमी करण्यासाठी ‘हरित धारा’ नावाचे पूरक खाद्य तयार केले आहे. थोडक्यात, गोठ्यातला मुख्य हिशोब खाद्याचा असतो.

2. गोठ्यात कोणी ऑक्सिजन मोजत नाही

दूध देणारी एक गाय तासाला साधारण पाव किलो ऑक्सिजन वापरते. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंचीवर आहे. तिथल्या एक घनमीटर हवेत जवळपास तेवढाच, म्हणजे पाव किलोच्या आसपास ऑक्सिजन असतो. उघड्या बाजूंच्या गोठ्यातून वाऱ्याची साधी झुळूक गेली तरी तासाला शेकडो घनमीटर हवा बदलते. म्हणून गोठा बांधताना छप्पर, उतार, गव्हाण, मुताची नाली यांचा विचार होतो. ऑक्सिजनचा हिशोब कोणी वेगळा करत नाही. शेणही गोठ्याबाहेर उकिरड्यावर किंवा गोबर गॅसच्या टाकीत जाते.

आता हाच पाव किलो ऑक्सिजन पाण्यातून मिळवायचा आहे असे समजा. 25 अंश सेल्सियसला बेंगळुरूत एक लिटर पाण्यात हवेतून जास्तीत जास्त 7 ते 7.5 मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो. म्हणजे पाव किलोसाठी सुमारे 35 घनमीटर पाणी लागेल. बेंगळुरूच्या गल्लीत येणाऱ्या 6,000 लिटरच्या टँकरच्या भाषेत, जवळजवळ सहा टँकर! हवेच्या तुलनेत पाण्यात ऑक्सिजन तिसाव्या हिश्श्याहूनही कमी आहे. शिवाय माशाची विष्ठा, न खाल्लेले खाद्य आणि कल्ल्यांतून बाहेर पडणारा अमोनिया हे सगळे त्याच पाण्यात राहते, ज्यात तो श्वास घेतो. तळ्यात गोठा, उकिरडा आणि हवा एकाच भांड्यात असतात. मत्स्यपालनाची सगळी अडचण या एका वाक्यात आहे.

3. सोडवलेले उदाहरण : शेततळ्यातील एक रात्र

महाराष्ट्रात 30 × 30 × 3 मीटरची शेततळी तुम्ही पाहिली असतील. अनेक शेतकरी त्यांत बोटुकली सोडून रोहू, कटला, मृगळ वाढवतात. बाजूंचा उतार धरला तर अशा तळ्यात सुमारे 2,000 घनमीटर पाणी मावते. गणितासाठी पुढील आकडे धरू.

• माशांचे एकूण वजन : 600 किलो
• माशांचा वापर : दर किलोमागे तासाला 0.25 ग्रॅम ऑक्सिजन
• पाण्यातील शेवाळ व जिवाणूंचा वापर : दर घनमीटरमागे तासाला 0.3 ग्रॅम
• रात्र : 12 तास

लक्षात ठेवा, एक मिलिग्रॅम प्रति लिटर म्हणजेच एक ग्रॅम प्रति घनमीटर.

माशांचा वापर = 600 × 0.25 × 12 = 1,800 ग्रॅम = 1.8 किलो
शेवाळ व जिवाणूंचा वापर = 2,000 × 0.3 × 12 = 7,200 ग्रॅम = 7.2 किलो
रात्रीचा एकूण वापर = 9 किलो

स्वच्छ उन्हाचा दिवस : दिवसभर शेवाळाने प्रकाशसंश्लेषण केले आणि सायंकाळी पाण्यात 7 मिलिग्रॅम प्रति लिटर ऑक्सिजन होता. एकूण साठा 14 किलो. पहाटे उरले 5 किलो, म्हणजे 2.5 मिलिग्रॅम प्रति लिटर. मासे अस्वस्थ होतील, पण बहुतेक वाचतील.

ढगाळ दिवस : प्रकाश कमी पडल्याने सायंकाळी 5 मिलिग्रॅमच होते. साठा 10 किलो. पहाटे उरला 1 किलो, म्हणजे 0.5 मिलिग्रॅम प्रति लिटर. इतक्या ऑक्सिजनवर कार्प मासे जगत नाहीत.

रात्री पृष्ठभागावरून हवेतला थोडा ऑक्सिजन पाण्यात येतो. तो येथे सोडून दिला आहे. तरीही दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, वर्षभराचा खर्च आणि 600 किलो माल यांचे भवितव्य एका ढगाळ दिवसावर ठरू शकते. दुसरी गोष्ट विद्यार्थ्यांना नेहमी चकित करते. ऑक्सिजनचा मोठा वाटा मासे वापरतच नाहीत. ज्या शेवाळाने दिवसा ऑक्सिजन दिला, तेच रात्री तो परत घेते. हे शेवाळ पोसले जाते ते वाया गेलेल्या खाद्यावर आणि विष्ठेवर. म्हणजे जादा टाकलेले खाद्य पैशाचे नुकसान करतेच, शिवाय रात्रीचा ऑक्सिजनही खाते.

4. उपाय

अ) एरेटर कधी चालवायचा? हवेतून पाण्यात ऑक्सिजन जाण्याचा वेग हा संपृक्त पातळी आणि प्रत्यक्ष पातळी यांच्या फरकाच्या प्रमाणात असतो. दुपारी पाणी आधीच संपृक्त असते. तेव्हा एरेटर चालवणे म्हणजे वीज वाया घालवणे. पहाटे फरक मोठा असतो. एक अश्वशक्तीचा चाकाचा एरेटर तेव्हा तासाला सुमारे एक किलो ऑक्सिजन देतो. पहाटे 2 ते 6 चालवला तर 4 किलो मिळतो, म्हणजे आपल्या तळ्यात 2 मिलिग्रॅम प्रति लिटरची भर. ढगाळ रात्रीचे 0.5 चे 2.5 होतात. मासे जगतात.

आ) वीज गेली तर? शेतीची वीज पाळीपाळीने येते. डिझेल पंपाने तळ्याचेच पाणी उचलून फवाऱ्यासारखे परत तळ्यात सोडावे. ही सोय आधीच करून ठेवावी. मासे तोंड वर काढू लागल्यावर पंप शोधत बसायला वेळ नसतो.

इ) खाद्य. आभाळ भरून आले तर त्या दिवशी खाद्य कमी करावे किंवा बंद ठेवावे. एक दिवस उपाशी राहून मासा मरत नाही.

ई) मोजमाप. ऑक्सिजन सूर्योदयापूर्वी मोजावा. दुपारचा आकडा नेहमीच चांगला दिसतो आणि फसवतो. उपकरण नसेल तर पाण्यात हात उभा बुडवून पाहा. मनगट बुडण्याआधीच बोटे दिसेनाशी झाली तर शेवाळ फार झाले आहे.

5. शहरातील उदाहरण : हलसूर तलाव

मार्च 2016 मध्ये बेंगळुरूच्या हलसूर तलावात हजारो मासे मरून वर आले. तलावात येणारे सांडपाणी आणि त्यामुळे घटलेला ऑक्सिजन हे कारण तेव्हा पुढे आले. वरच्या समीकरणात पाहा : सांडपाणी म्हणजे कोणीही न मोजता तलावात टाकलेले खाद्य. जिवाणूंनी ते खाल्ले आणि माशांच्या वाट्याचा ऑक्सिजन संपवला. शेततळ्यात किती खाद्य टाकायचे हे शेतकऱ्याच्या हातात असते. शहराच्या तलावात मासेमारीचा ठेका घेणाऱ्याच्या हातात ते नसते. ते नाल्याच्या वरच्या बाजूला राहणाऱ्या आपल्यासारख्यांच्या हातात असते.

सारांश

गोठ्यात खाद्य ही मर्यादा असते, तळ्यात ऑक्सिजन ही. मासा खाद्यात जी बचत करून देतो, ती टिकवण्यासाठी पाण्याचा हिशोब रोज ठेवावा लागतो.

सराव प्रश्न

1. वरील तळ्यात माशांचे वजन 1,200 किलो केले आणि बाकी सर्व आकडे तेच ठेवले, तर स्वच्छ दिवसानंतर पहाटे ऑक्सिजन किती असेल? (उत्तर : 1.6 मिलिग्रॅम प्रति लिटर) प्रत्यक्षात तो याहूनही कमी का असेल?
2. शेवाळाचा वापर 0.3 ऐवजी 0.4 ग्रॅम धरून दोन्ही रात्रींचे गणित पुन्हा करा.
3. तुमच्या गावातील किंवा वस्तीजवळील एका तळ्याची लांबी, रुंदी आणि खोली मोजा, आणि त्यात सायंकाळी एकूण किती किलो ऑक्सिजन असू शकतो याचा अंदाज काढा.