आधी मशीन, मग मुक्काम

मूत्रपिंडं निकामी होऊन आठवड्यातून तीनदा हेमोडायलिसिस लागायला लागलं की घरचे त्या माणसाला हळूहळू प्रवासातून वगळायला लागतात. नातीचं लग्न मुंबईत असतं आणि आजोबा नागपुरात घरी राहतात. असं होऊ नये, असं मला मनापासून वाटतं. तब्येत स्थिर असेल आणि नेफ्रॉलॉजिस्टची हरकत नसेल, तर हा प्रवास जमतो. फक्त तो डायलिसिसचे वार समोर ठेवून आखायचा.

समजा, वार सोमवार, बुधवार, शुक्रवार आहेत. सोमवारी नागपुरात डायलिसिस करून लगेच निघू नये. चार तास मशीनवर काढल्यावर अंगात त्राण नसतं, रक्तदाबही उतरलेला असू शकतो. मंगळवारी सकाळी समृद्धी महामार्गाने निघावं आणि सुमारे ४५० किलोमीटरवर छत्रपती संभाजीनगरला मुक्काम करावा. बुधवारी तिथे डायलिसिस, गुरुवारी मुंबई, शुक्रवारी मुंबईत डायलिसिस. शुक्रवार ते सोमवार ही फट एका दिवसाने मोठी असते. अंगात पाणी आणि पोटॅशियम साठण्याचा धोका तेव्हा सर्वांत जास्त, म्हणून शनिवार-रविवारी लांबचा पल्ला नको. एखादी पाळी पुढे ढकलून वेळ वाचवणं तर अजिबात नको.

खोली बुक करण्याआधी मशीन बुक करा. दोन्ही गावांतल्या सेंटरना तीन-चार आठवडे आधी फोन करावा. ते हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीचे अलीकडचे रिपोर्ट मागतील. हिपॅटायटिस बी असलेल्यांसाठी वेगळं मशीन लागतं आणि ते सगळीकडे नसतं, त्यामुळे ही गोष्ट पहिल्याच फोनवर सांगावी. आपल्या सेंटरमधून शेवटच्या काही पाळ्यांचे चार्ट घ्यावेत. ड्राय वेट, हेपॅरिनचा डोस, डायलायझर कोणता, फिस्टुला कोणत्या हाताला, रक्तदाब मध्येच उतरतो का, हे नव्या टेक्निशियनला त्यातूनच कळतं. डायलिसिस सरकारी योजनेतून होत असेल, तर परगावी ती चालेलच असं धरून चालू नका; तिथल्या आरोग्यमित्राशी आधी बोला.

आता गाडीतलं. समृद्धीवर इंटरचेंजशिवाय बाहेर पडता येत नाही, म्हणून डबा घरूनच न्यावा. चिवडा, फरसाण, लोणचं, पापड यांतल्या मिठाने तहान लागते आणि नेमकं पाणीच मोजून प्यायचं असतं. दिवसभराचं पाणी एका छोट्या बाटलीत भरून घेतलं की हिशेब चुकत नाही. चहा आणि बर्फही त्यातच धरायचा. शहाळ्याचं पाणी, केळी, संत्री यांत पोटॅशियम भरपूर असतं. निरोगी माणसाला प्रवासात आपण आग्रहाने देतो त्याच या गोष्टी, पण इथे त्या हृदयाचे ठोके बिघडवू शकतात. छातीत धडधड, हातापायांत अचानक अशक्तपणा किंवा धाप जाणवली, तर मुक्कामाची वाट न पाहता जवळचं मोठं रुग्णालय गाठावं. १०८ ला फोन करताना कोणत्या दिशेने जात आहोत ते आणि रस्त्याकडेच्या खांबावरचा किलोमीटर आकडा सांगावा.

बऱ्याच जणांना मधुमेहही असतो. मूत्रपिंडं निकामी झाल्यावर इन्सुलिन शरीरात जास्त वेळ टिकतं, त्यामुळे जेवण लांबलं की साखर झपकन उतरते. त्यासाठी ग्लुकोज पावडर किंवा साखर हाताशी हवी. फळांचा रस नको, त्यात पुन्हा पोटॅशियम आलं. इन्सुलिन आणि एरिथ्रोपोएटिनची इंजेक्शनं थंड पिशवीत ठेवावीत, पण बर्फाला चिकटून नाही, कारण गोठलेलं औषध वाया जातं. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत तर ती कधीच ठेवू नयेत.

फिस्टुलाच्या हाताखाली उशी द्यावी. त्या हातावर डोकं ठेवून झोपणं, बॅग लटकवणं, रक्तदाब मोजणं टाळावं. सकाळ-संध्याकाळ बोट ठेवून थरथर जाणवते ना, ते पाहावं. ती थांबली तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावं. सुईच्या जागेतून रक्त यायला लागलं, तर नेमक्या त्या जागी स्वच्छ कापसाने बोटाचा दाब द्यावा आणि सोडू नये. थांबत नसेल, तर दाब तसाच ठेवून १०८ ला फोन करावा.

परत आल्यावर परगावच्या पाळ्यांचे चार्ट आपल्या सेंटरला द्यावेत. तिथे संसर्गाच्या तपासण्या पुन्हा करायला सांगतात, त्या टाळू नयेत.