जुनेराचे पदर

लुगडे एकाएकी फाटत नाही; ते आधी विरते, आणि तेही सर्वत्र सारखे नव्हे. उठण्याबसण्याचा ताण ज्या भागावर पडतो तो भाग जाळीदार होतो, तेव्हा काठ आणि पदर पुष्कळदा शाबूत असतात; म्हणून पूर्वीच्या गृहिणी विरलेला भाग कापून काढीत, उरलेले तुकडे दंड घालून, म्हणजे शिवणीने, एकमेकांना जोडीत आणि असे दंडाचे लुगडे निःसंकोचपणे नेसत. पुढे तेही नेसण्याजोगे राहिले नाही की त्याला ‘जुनेर’ ही संज्ञा प्राप्त होई. ते बोहारणीला देऊन एखादे भांडे घ्यावे की गोधडीसाठी राखून ठेवावे, हा प्रश्न मग घरात निघे. आणि ज्यांनी ते राखले त्यांचा निर्णय मला नेहमीच अधिक शहाणपणाचा वाटत आला आहे.

कारण जीर्णता हाच या कापडाचा गुण आहे. नव्या कापडातली खळ वर्षानुवर्षांच्या धुण्याने निघून जाते, सूत मृदू होते, ओल चटकन शोषू लागते. नवजात अर्भकाच्या दुपट्यासाठी, घरात नवे कापड असतानाही, आजी जुनेरच मागून घेत असे ते यामुळेच. गोधडीची ऊब तरी कापडाच्या जाडीपेक्षा थराथरांत कोंडलेल्या हवेची असते.

गोधडी शिवायची तर हिशेब असा: नऊवारी लुगड्याची लांबी सुमारे ८.२ मीटर, ते चौपदरी केले की २ मीटरांहून किंचित लांब असे चार थर सिद्ध होतात, आणि रुंदी कमी वाटल्यास दुसरे लुगडे जोडून घेता येते. कापड धुऊन कडक उन्हात वाळवावे, बटणे व जाड शिवणी काढून टाकाव्यात, धोतरे, पंचे, सदरे यांचे अधिक विरलेले तुकडे आत घालून धडके कापड दोन्ही बाजूंना बाहेर घ्यावे. जमिनीवर पसरून सुरकुती न सुरकुती हाताने काढावी, लांब टाक्यांनी सर्व थर टाचावेत, आणि मगच कडेपासून आत धावदोरा घालीत यावे. दोन ओळींत दोन बोटांहून अधिक अंतर नसावे. विरलेल्या सुताला न पेलणारा ताण हा दोराच वाटून घेत असतो, त्यामुळे येथे घाई केलेली गोधडी पहिल्याच धुण्यात गोळा होते. कृत्रिम धाग्याच्या साड्या सुती थरांत मिसळू नयेत: त्या निसटतात, आणि ओलही नीट शोषीत नाहीत.

गोधडी विरली तरी ती रद्दबातल होत नाही. तिच्यावर नवे जुनेर चढते आणि जुनी गोधडी आतला थर होऊन राहते. आमच्या घरच्या गोधडीचा एक कोपरा गेल्या पावसाळ्यात उसवला, तेव्हा आतून हिरव्या इरकली काठाची एक पट्टी दिसली. आईने ती बोटांनी चाचपून पाहिली, आपल्या सासूबाईंचे लुगडे ओळखले, आणि सुईत दोरा ओवायला मला जवळ बोलावले.