विझलेल्या भट्टीची साक्ष

ओतीव लोखंडाला आपल्याकडे बीड म्हणतात. बिडाचा तवा, बिडाची कढई आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या वापरली गेली आहे. हे बीड ज्या कच्च्या लोखंडापासून ओततात, त्याला इंग्रजीत ‘पिग आयर्न’ असे चमत्कारिक नाव आहे. झोतभट्टीतून निघालेला लोखंडाचा रस पूर्वी वाळूत आखलेल्या एका मोठ्या चरातून वाहत जाई आणि त्याला काटकोनात जोडलेल्या अनेक लहान चरांत शिरून थिजे. वरून पाहणाऱ्याला ते दृश्य आडवी पडलेली डुकरीण आणि तिला ओळीने लुचणारी पिल्ले यांच्यासारखे दिसे. मोठ्या चराला डुकरीण आणि लहान तुकड्यांना पिल्ले म्हणता म्हणता त्या लोखंडालाच ते नाव चिकटले. नाव गमतीचे असले तरी काम मुळीच गमतीचे नव्हते. तापलेल्या वाळूवर उभे राहून ही ‘पिल्ले’ फोडायची आणि एकेक तुकडा उचलून बाहेर न्यायचा, हे भट्टीवरचे सर्वांत कष्टाचे काम समजले जाई. ते कोणाच्या वाट्याला येई, हा या लेखाचा खरा विषय आहे.

अमेरिकेतील अलाबामा राज्यात बर्मिंगहॅम नावाचे शहर आहे. तेथील ‘स्लॉस फर्नेसेस’ या कारखान्याने १८८२ ते १९७१ अशी जवळजवळ नव्वद वर्षे पिग आयर्न बनवले. आज तो शहराच्या मालकीचा संग्रहालय-परिसर आहे. मार्गदर्शकाबरोबर फेरी मारता येते, शाळांच्या सहली येतात, गाण्याचे जलसे होतात, लग्ने लागतात आणि ओतकामाच्या कार्यशाळाही भरतात. मुंबईतल्या गिरण्यांचे काय झाले आणि काय होऊ शकले असते, हा प्रश्न बरीच वर्षे मनात असल्यामुळे मी ही जागा मुद्दाम पाहून आलो. तेथे जे दिसले ते आधी सांगतो आणि मग आपल्याकडे वळतो.

शहर आणि भट्टी

इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचे नाव घेऊन हे शहर १८७१ साली वसवले गेले. लोखंडासाठी तीन गोष्टी लागतात. खनिज, त्यातील लोखंड मोकळे करण्यासाठी कोळशापासून केलेला कोक आणि अशुद्ध भाग बाजूला काढण्यासाठी चुनखडी. या तिन्ही गोष्टी एकाच खोऱ्याच्या आसपास सापडतात, अशी ठिकाणे जगात थोडी आहेत. बर्मिंगहॅम त्यांपैकी एक. शहराच्या दक्षिणेला ‘रेड माउंटन’ ही लोहखनिजाची डोंगररांग आहे आणि तिचा तांबडा रंग नावातच उतरला आहे. जेम्स विदर्स स्लॉस हा व्यापारी आणि रेल्वेच्या धंद्यातला माणूस. त्याने १८८१ मध्ये येथे भट्टीचे काम सुरू केले आणि पुढच्याच वर्षी पहिले लोखंड बाहेर पडले. १८८६ मध्ये त्याने आपला वाटा विकला, पण नाव राहिले.

या डोंगरातील खनिजात लोखंड कमी आणि फॉस्फरस जास्त. त्यामुळे ते पोलादाला फारसे सोयीचे नव्हते. मात्र फॉस्फरस असलेला रस पातळ वाहतो आणि साच्याच्या कानाकोपऱ्यात शिरतो, म्हणून नळ, शेगड्या, यंत्रांचे सुटे भाग अशा ओतकामाला तो उत्तम. पुढे कंपनीच्या नावात ‘स्टील’ हा शब्द आला, पण तिने पोलाद कधीच बनवले नाही. १९०४ च्या सेंट लुइस येथील जागतिक प्रदर्शनासाठी शहराने व्हल्कन या रोमन अग्निदेवाचा छप्पन्न फूट उंच बिडाचा पुतळा ओतून घेतला, तो याच भट्टीच्या लोखंडातून. व्हल्कन हा लोहारांचा देव. आज तो रेड माउंटनवर उभा राहून खालच्या शहराकडे पाहतो.

फेरीत काय दिसते

फेरी साठवणीच्या भुयारापासून समजून घ्यावी. वर खनिज, कोक आणि चुनखडी यांच्या रांगेने कोठ्या, खाली अंधारा बोगदा. कोठीचे तोंड उघडले की माल खालच्या गाडीत पडे, तिथे वजन होई आणि मग तिरक्या रुळांवरून डबा भट्टीच्या माथ्यावर चढे. माथ्यावरून माल आत पडे आणि तळाकडून गरम हवेचा झोत वर चढे. कोक जळून निर्माण होणारा वायू खनिजातला ऑक्सिजन ओढून घेई, लोखंड वितळून तळाशी साचे आणि त्याच्यावर मळी तरंगे. ठरावीक वेळाने मातीने बुजवलेले तोंड फोडले की सुमारे पंधराशे अंश सेल्सिअसचा रस धावत बाहेर येई. एकदा पेटवलेली भट्टी दिवसरात्र, सणवार न पाहता चालू ठेवावी लागते. ती थंडावली तर आतला माल थिजून भट्टीच निकामी होते.

परिसरातील सर्वांत जुनी इमारत १९०२ ची आहे. तिच्यात वाफेवर चालणारे आठ प्रचंड भाते आहेत. लोहाराच्या भात्याचेच काम, फक्त दोन मजली उंचीचे. त्यांची चाके पाहताना मान वर करावी लागते. पलीकडे दोन्ही भट्ट्या, हवा तापवणारे उंच मनोरे आणि नळांचे जाळे. सगळ्यावर गंजाचा तांबूस थर आहे. शेजारच्या रुळांवरून आजही मालगाड्या जातात, आणि एखादी गेली की कारखाना चालू असल्याचा क्षणभर भास होतो.

आज उभ्या असलेल्या भट्ट्या १९२७ ते १९३१ या काळात नव्याने बांधलेल्या आहेत आणि प्रत्येकीची क्षमता दिवसाला सुमारे चारशे टन होती. याच सुमारास माल भरण्याचे आणि ‘पिल्ले’ ओतण्याचे काम यंत्रांकडे गेले. अमेरिकेच्या उत्तरेकडील कारखान्यांत हे बदल बरेच आधी झाले होते. मग येथे उशीर का? अभ्यासकांचे उत्तर सरळ आहे. येथे माणूस यंत्रापेक्षा स्वस्त होता.

स्वस्त माणूस

भट्टीवरचे बहुसंख्य मजूर कृष्णवर्णीय होते. गुलामगिरी कायद्याने संपून दोन दशकेही झाली नव्हती, तेव्हा ही भट्टी पेटली. माल ओढणे, वाळू सारखी करणे, लोखंड फोडणे, उचलणे ही कामे त्यांची. मुकादम गोरा. काळा कामगार कितीही वर्षे राबला, कितीही कसबी झाला, तरी वरची जागा त्याला मिळत नसे. हजेरीची घड्याळे वेगळी, न्हाणीघरातली सोय वेगळी, कंपनीच्या सहलीही वेगळ्या. ही विभागणी १९६० च्या दशकापर्यंत टिकली. भट्टीचा रस मात्र कोणाच्या हातून वाहिला हे लोखंडावर उमटत नाही.

याहून काळी बाजू कोळशाच्या खाणींत होती. अलाबामा राज्य आपले कैदी खाणमालकांना भाड्याने देत असे. भटकणे, किरकोळ देणे थकवणे अशा कारणांवरून कृष्णवर्णीयांना पकडायचे, दंड लावायचा आणि तो फेडण्यासाठी खाणीत धाडायचे. स्लॉसच्या खाणींतही असे कैदी राबवले गेले. ही पद्धत बंद करणारे अलाबामा हे शेवटचे राज्य, आणि तेही १९२८ मध्ये. डग्लस ब्लॅकमन यांच्या ‘स्लेव्हरी बाय अनदर नेम’ या पुस्तकाने हा इतिहास सर्वांसमोर आणला. त्या पुस्तकाला २००९ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. भट्टीत जाणारा कोक या कोळशाचा होता, हे लक्षात ठेवून भुयारातून चालले की भुयार वेगळे दिसते.

वाचली कशी

भंगाराचा वाढता वापर, जुनी यंत्रे आणि हवेच्या प्रदूषणाचे कडक कायदे यांमुळे १९७१ पर्यंत भट्ट्या विझल्या. मालक कंपनीने जागा राज्याच्या जत्रा-प्राधिकरणाला देऊन टाकली. संग्रहालय करणे परवडणार नाही असा प्राधिकरणाचा निष्कर्ष निघाला आणि पाडकामाचा बेत ठरला. तेव्हा नागरिकांनी संघटना काढली. १९७६ मध्ये सरकारी सर्वेक्षणाने कारखान्याची रेखाचित्रे आणि नोंदी केल्या. १९७७ मध्ये शहराच्या मतदारांनी ३३ लाख डॉलरच्या कर्जरोख्यांना कौल दिला. १९८१ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा आला आणि १९८३ मध्ये दरवाजे लोकांसाठी उघडले. त्या वेळी शहराचे महापौर रिचर्ड ॲरिंग्टन होते. १९७९ मध्ये निवडून आलेले ते बर्मिंगहॅमचे पहिले कृष्णवर्णीय महापौर.

यातला मतदानाचा टप्पा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. जागा कोणा दानशूराने राखली नाही. लोकांनी स्वतःवर कर्जाचा भार घेऊन ती राखली. म्हणूनच ती लोकांच्या वापरात आहे. जिथे रस वाहत असे, त्या छपराखाली आज मैफली होतात. भट्टीच्या पायथ्याशी लग्ने लागतात याचे कोणाला वाईट वाटेल, पण छपराची डागडुजी फुकट होत नाही, आणि ज्या वास्तूत माणसे येत नाहीत ती वास्तू कागदावर जपली तरी ढासळतेच. मला अधिक भावला तो ओतकामाचा उपक्रम. येथे शिल्पकार आणि विद्यार्थी लहान भट्टी पेटवून, भंगार वितळवून, स्वतःच्या हाताने साचे भरतात. वास्तूबरोबर तिचे कसबही जिवंत राहते.

एक गोष्ट मात्र खटकली. या जागेची भूतकथा फार प्रसिद्ध आहे. रात्रपाळीचा एक क्रूर मुकादम भट्टीत पडून मेला आणि अजून भटकतो, अशी ती कथा. त्या मुकादमाचा कागदोपत्री पुरावा नाही. तरीही बरीच वर्षे हॅलोविनच्या सुमारास येथे भुताखेतांचा खेळ चाले आणि त्याला गर्दी लोटे. खरी माणसे येथे खरोखर भाजली, चिरडली, गुदमरली. त्यांच्या जागी एक कल्पित भूत उभे केले की भीती करमणुकीची होते आणि जबाबदारी कोणाचीच राहत नाही. या खेळाला उतारा म्हणजे जुन्या कामगारांच्या ध्वनिमुद्रित मुलाखती. त्यांत पाळी, पगार, उष्णता आणि अपमान यांचा हिशेब त्यांच्याच तोंडून येतो.

गिरणगावाकडे वळताना

आता आपल्याकडे येऊ. मुंबईत पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये काढली, म्हणजे बर्मिंगहॅम शहर वसण्याच्याही आधी. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि त्यानंतर गिरणगाव पूर्वीसारखे कधीच झाले नाही. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश वाटा मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश परवडणाऱ्या घरांसाठी आणि उरलेला मालकांसाठी अशी कल्पना होती. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त मोकळ्या पडलेल्या जमिनीपुरती उरली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. पुढचे मॉल आणि मनोरे आपण पाहतोच. काही ठिकाणी चिमणी राखली आहे, पण तिच्या खाली काय होते हे सांगणारे तेथे कोणी नाही. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलच्या जागेवर वस्त्रोद्योगाचे संग्रहालय करण्याची महापालिकेची योजना आहे, म्हणून हा प्रश्न केवळ हळहळीचा नाही.

त्या संग्रहालयात काय असावे, हे स्लॉस पाहिल्यावर मला स्पष्ट झाले. माग येतील, चात्या येतील, मालकांची तैलचित्रेही येतील. पण साचेखात्याचा दरवाजा कोणाला बंद होता, हे तेथे सांगितले जाईल का? गिरणीच्या बोलीत मागाला साचा म्हणत. धोट्यात नवी कांडी घातली की तुटलेला दोरा तोंडाने ओढून घ्यावा लागे. एकाच्या तोंडाला लागलेला धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागणार, म्हणून अस्पृश्य मानलेल्या कामगारांना विणकाम खात्यात घेत नसत. ते बहुतेक कताईच्या रिंग खात्यात राहत. विणकामात पगार जास्त, म्हणजे विटाळाची किंमत दर महिन्याला मोजावी लागे. १९२८ च्या सहा महिने चाललेल्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या नेत्यांपुढे ठामपणे मांडला. एकाच भोंग्यावर आत शिरणाऱ्या माणसांत गिरणीने रेषा आखली होती आणि ती रेषा पुसायला कामगारांच्या लढाऊ संघटनाही कचरत होत्या. बर्मिंगहॅममध्ये वेगळे घड्याळ होते, येथे धोटा होता.

ही आठवण नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी जमवलेल्या गिरणगावाच्या मौखिक इतिहासात आहे, जयंत पवार यांच्या ‘अधांतर’सारख्या नाटकात त्या उद्‌ध्वस्त संसारांची धग आहे. पण पुस्तक वाचणारे थोडे असतात. धोटा हातात घेऊन, दोरा कसा ओढत ते पाहून शाळेतल्या मुलाला जे कळेल, ते पानावरून कळणार नाही. आणि तो दोरा ओढून दाखवणारा हात लवकरच सापडेनासा होईल. संपाच्या वर्षी वीस वर्षांचा असलेला कामगार आज साठी ओलांडून पुढे गेला आहे. यंत्रे गोदामात थांबू शकतात, माणसे थांबत नाहीत. इमारत उभी राहायची तेव्हा राहो. साचेवाला, रिंग खात्यातली बाई, जॉबर, बदली कामगार यांच्या मुलाखती आणि त्यांच्या हातांच्या हालचालींची चित्रफीत करण्याचे काम मात्र इमारतीच्या आधी सुरू व्हायला हवे.