बादलीत विरघळणारी सुगंधी गोळी

अमरावतीच्या राजापेठेतल्या कोणत्याही किराणा दुकानात खाण्याचा सोडा आणि लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक अॅसिड, शेजारशेजारच्या फळीवर असतात. एक ढोकळ्यासाठी, दुसरं सरबतासाठी. मॉलमध्ये महाग विकला जाणारा ‘बाथ बॉम्ब’ या दोन पुड्यांवरच उभा आहे. इंग्लंडच्या डॉर्सेटमध्ये मो कॉन्स्टन्टाइन यांनी तो 1989 मध्ये पहिल्यांदा बनवला. पाण्यात फसफसणाऱ्या अल्का-सेल्टझरच्या गोळीवरून त्यांना कल्पना सुचली होती. आपल्याकडच्या इनोच्या पुडीतही सोडा आणि सायट्रिक अॅसिडच असतं.

कोरडे असताना हे दोघं एका डब्यात गुण्यागोविंदानं राहतात. पाणी लागलं की आम्ल सोड्यावर काम करू लागतं. त्यातून कार्बन डायऑक्साइड, थोडं पाणी आणि सोडियम सायट्रेट नावाचा निरुपद्रवी क्षार तयार होतो. बुडबुडे म्हणजे तोच वायू. चाळीस ग्रॅमच्या एका गोळीतून साडेतीन-चार लिटर वायू निघू शकतो. गोळी फुटते ती त्याच्यामुळेच, आणि आत दडलेला सुगंध पाण्यात पसरतो तोही त्याच्यामुळेच.

म्हणून या कृतीत सगळं कौशल्य ओल दूर ठेवण्याचं आहे. मुंबईत किंवा कोकणात हवेतला दमटपणाच मिश्रण फुगवून टाकतो. अमरावतीची ऑक्टोबरनंतरची कोरडी हवा मात्र या कामाला अगदी अनुकूल आहे. पावसाळ्यात हा खटाटोप करूच नका.

‘नैसर्गिक’ या शब्दाबद्दल थोडं स्पष्ट बोलायला हवं. बाजारातलं सायट्रिक अॅसिड आज लिंबापासून येत नाही. साखरेवर काळी बुरशी वाढवून ते कारखान्यात तयार होतं. मग ताजा लिंबाचा रस वापरावा का? नाही. त्यात आम्ल जेमतेम पाच-सहा टक्के आणि बाकी बहुतेक पाणी, त्यामुळे गोळी परातीतच फसफसून संपते. सोड्याचं नातं मात्र वऱ्हाडच्या मातीशी जुनं आहे. लोणारच्या सरोवराचं पाणी सोड्याच्या क्षारांनी भरलेलं आहे आणि आईन-ए-अकबरीत वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात लोणारला काच आणि साबण बनवायची सामग्री मिळत असल्याची नोंद आहे. आज ते सरोवर संरक्षित आहे. तिथून काही उचलायचं नाही, सोडा दुकानातूनच घ्यायचा. तो खाण्याचाच असल्याची खात्री करून घ्या. धुण्याचा सोडा त्वचेला जाळतो.

खरा नैसर्गिक भाग सुगंधाचा आहे, आणि तिथे आपण श्रीमंत आहोत. वरुड-मोर्शीच्या संत्र्याची साल, नागरमोथा, कपूरकाचरी, वाळा, गुलाबपाकळी, आंबेहळद ही दिवाळीच्या उटण्याचीच मंडळी. संत्र्याची साल आतला पांढरा भाग खरवडून सावलीत वाळवा. उन्हात तिच्यातलं सुगंधी तेल उडून जातं. बोटांनी मोडल्यावर कट्‌कन तुटली तर ती वाळली. वाकली तर अजून ओल आहे आणि तीच ओल पुढे गोळी बिघडवेल. फेब्रुवारी-मार्चमध्ये मृग बहाराचा संत्रा येतो, तेव्हाच साल वाळवून ठेवली तर दिवाळीला घाई होत नाही. सगळं मिक्सरमध्ये अगदी बारीक करून मलमलीतून गाळा. भरड राहिली तर अंगाला टोचते आणि मोरीत साचते.

आता प्रमाण. खाण्याचा सोडा 200 ग्रॅम, बारीक दळलेलं सायट्रिक अॅसिड 100 ग्रॅम, कॉर्नफ्लोर 50 ग्रॅम आणि वरची सुगंधी पूड 25 ग्रॅम. दळताना नाका-तोंडावर रुमाल बांधा. आम्लाची धूळ घशाला झोंबते. आम्ल सोडून बाकी कोरडं आधी चाळून एकत्र करा. दोन चहाचे चमचे खोबरेल तेल त्यात चोळा. थंडीत ते थिजलेलं असेल तर आधी पातळ करून घ्या. गोळीत ते पुन्हा थिजलं की तिला घट्टपणा देतं. आम्ल शेवटी मिसळा. मग फवाऱ्याच्या बाटलीतून पाण्याचा एकच बारीक फवारा मारा, हातानं कालवा, मुठीत दाबून पाहा. करंजीच्या सारणासारखं ओलसर भुसभुशीत, पण दाबल्यावर मूठ टिकेल असं झालं की थांबा. मिश्रण हाताला गार लागेल. ही रासायनिक क्रिया उष्णता शोषते. बारीक फसफस ऐकू आली तर पाणी जास्त झालं. लगेच थोडं कोरडं मिश्रण मिसळा.

साचा म्हणून मोदकाचा प्लॅस्टिकचा साचा उत्तम. दाबून भरा, हलकेच काढा आणि पूर्ण एक दिवस सावलीत उघड्यावर ठेवा. त्याआधी डब्यात भरलं तर उरलेला वायू झाकण उचलतो.

आपल्या घरी टब नसतो, बादली असते. म्हणूनच गोळी लिंबाएवढी ठेवायची, साधारण चाळीस ग्रॅम. पंधरा-वीस लिटर कोमट पाण्याला एक पुरते. दमलेल्या पायांसाठी घमेल्यात अर्धी टाकली तरी चालते. पाणी डोळ्यांत जाऊ देऊ नका आणि शेवटचे दोन तांबे साध्या पाण्याचे घ्या. तेलामुळे फरशी निसरडी होते, घरात म्हातारं माणूस असेल तर ती लगेच धुऊन टाका.

या प्रमाणात साधारण एक तृतीयांश सोडा न वापरता उरतो, त्यामुळे पाणी गुळगुळीत लागतं. पण आपली त्वचा किंचित आम्लधर्मी असते, तेव्हा रोज नको, आठवड्यातून एकदा पुरे. त्वचा कोरडी असेल तर सोडा 150 ग्रॅमच घ्या. खाज, इसब किंवा जखम असेल तर वापरू नका. पहिल्यांदा चिमूटभर गोळी पाण्यात विरघळवून कोपराच्या आतल्या बाजूला लावा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत वाट पाहा. मुलांना ही गोळी मिठाईसारखी दिसते, त्यामुळे डबा उंच फळीवर ठेवा.

नरक चतुर्दशीच्या अभ्यंगस्नानासाठी करायच्या असतील तर कोजागिरी झाली की कामाला लागा, आणि केलेल्या गोळ्या महिन्याभरात वापरून संपवा.