अंगणात लॉन हवंय? वऱ्हाडात बी कधी, कसे पेरावे?

शेतात हरळी दिसली की वऱ्हाडातला शेतकरी तिच्या काशा वेचून धुऱ्यावर फेकतो. अमरावती, अकोल्यात तिचेच बी ‘बर्म्युडा’ नावाने पाकिटात विकले जाते. शास्त्रीय नाव एकच, सायनोडॉन डॅक्टिलॉन. गणपतीला वाहतात ती दूर्वाही हीच. मग शेतातून हटता न हटणारे हे गवत अंगणात का टिकत नाही? बहुतेक वेळा चूक बियाण्यात नसते, वेळेत आणि जमिनीच्या तयारीत असते.

कोणते बी घ्यावे?

रायग्रास, फेस्क्यू ही ऑनलाइन मिळणारी गवते थंड हवामानातली. ४५ अंशांच्या उन्हात ती तग धरत नाहीत, फोटो कितीही हिरवागार असो. हरळीच घ्यावी, मात्र तिला दिवसाला किमान सहा तास ऊन लागते. दाट सावलीच्या झाडाखाली ती विरळच राहणार. पाकिटावरची उगवणक्षमता व चाचणीची तारीख पाहावी. शंका असल्यास १०० बिया ओल्या कागदात गुंडाळून उबदार जागी ठेवाव्यात. दोन-तीन आठवड्यांत किती मोडल्या ते कळते. जागा अगदी लहान असेल तर बियांच्या फंदात न पडता काशांचे तुकडे लावणे अधिक खात्रीचे.

पेरणी केव्हा?

मे महिन्यात बी टाकले तर मातीचा वरचा थर तासाभरात सुकतो. नोव्हेंबरनंतर रात्री गार होतात आणि उगवण रखडते. म्हणून जूनअखेर ते जुलैचा पहिला पंधरवडा उत्तम. जूनच्या पहिल्या सरींनंतर लगेच पेरू नये. आधी तण उगवू द्यावे. नागरमोथा गाठींसकट खणून काढावा, गाजर गवत फुलण्याआधी उपटावे. हे काम टाळले तर पुढची दोन वर्षे तणच निंदत बसावे लागते.

काळ्या मातीचे काय?

खरी अडचण इथे आहे. काळी माती पावसात फुगते, पाणी धरून ठेवते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पाणी साचले की बी कुजते. त्यामुळे घरापासून बाहेरच्या बाजूला दर १० फुटांमागे १ ते २ इंच उतार द्यावा. थोडी रेती मिसळली की माती मोकळी होते, हा समज फसवा आहे. ती उलट जास्त घट्ट बसू शकते. त्यापेक्षा १०० चौरस फुटांना तीन-चार घमेली शेणखत वरच्या ४ ते ६ इंचांत मिसळावे. खत पूर्ण कुजलेलेच हवे. कच्च्या खतातून तणाचे बी आणि हुमणी दोन्ही येतात.

पेरणी कशी?

५०० चौरस फुटांना २५० ते ५०० ग्रॅम बी पुरते. ते फार बारीक असल्याने कोरड्या रेतीत मिसळून अर्धे उभे, अर्धे आडवे फेकावे. वर चाळलेल्या खताचा अर्धा सेंटीमीटरपेक्षा कमी थर द्यावा आणि फळीने दाबावे. मुसळधार पावसात बी वाहून जाते. उगवण दिसेपर्यंत गोणपाट अंथरावे. त्याने चिमण्याही दूर राहतात. पावसाने उघडीप दिली तर दिवसातून दोन-तीनदा झारीने हलके शिंपण करावे. एक ते तीन आठवड्यांत कोंब दिसतात. गवत अडीच इंच झाले की धारदार पात्याने वरचा एक तृतीयांश भाग कापावा. बोथट पात्याने कोवळी रोपे मुळासकट निघतात.

उन्हाळ्यात पाणी किती?

५०० चौरस फुटांवर रोज ५ मिलिमीटर पाणी द्यायचे म्हटले तरी सुमारे २३० लिटर होते. काटेपूर्णा किंवा अप्पर वर्धा धरणातून येणारे पिण्याचे पाणी लॉनला घालणे परवडणारे नाही. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे दर्यापूर, भातकुली, अकोट भागात बोअरचे पाणी खारे असते. मुरलेली हरळी ते बऱ्यापैकी सोसते, कोवळे कोंब सोसत नाहीत. पावसावर पेरण्याचे हेही एक कारण.

मेमध्ये लॉन पिवळे पडू द्यावे. दहा-पंधरा दिवसांतून एकदा, भांडी-कपडे धुतल्यानंतरचे कमी साबणाचे पाणी मुरेल असे सोडले तर जमिनीखालच्या काशा जिवंत राहतात आणि जूनच्या पावसानंतर पुन्हा फुटतात.